घर तर बेस शे!

जळगावच्या महाबळ-पिंप्राळ्याकडे किंवा धुळ्याच्या देवपुरात कोणाचा पत्ता विचारला की हमखास उत्तर येतं, "सरळ जा. डाव्या हाताला 'घर विकणे आहे' अशी पाटी लागेल. तिथून तिसरं." पाटी लावणाऱ्याचा हेतू समाजसेवेचा नसतो. पण ती इतकी वर्षं टिकते, की गल्लीच्या सरकारी पाटीपेक्षा लोकांचा तिच्यावर भरवसा जास्त. कुरिअरवाली पोरं तिच्याच आधाराने फिरतात. पाटीवरच्या मोबाइल नंबरातले शेवटचे दोन आकडे पावसाने धुऊन नेलेले असतात आणि उरलेल्या आठांवर फोन लागत नाही. तरी घरमालक भेटेल त्याला सांगत असतात, "गिऱ्हाइकं तर सारखी येतात हो! कालच एक पार्टी बघून गेली."

यात खोटं काही नसतं. पार्ट्या येतात, बघतात, चहा घेतात आणि जातात. अडतं ते एवढंच, की जाताना कोणी आकडा बोलत नाही.

या व्यवहारात माणूस नसतो, पार्टी असते. रावेर-यावलकडून आली तर केळीची पार्टी. चोपडा-धरणगावकडून आली तर कापसाची. नवरा-बायको दोघंही शिक्षक असले तर सर्व्हिसवाली पार्टी. आणि मुलगा हिंजवडीला असेल तर आई-बाप गावी गाईच्या धारा काढत असले, तरी ती पुण्याची पार्टी. दलाल फोन करतो, "नाना, एकदम जेन्युइन पार्टी आहे. रविवारी घरी राहा." नाना घरीच असतात. निवृत्त झाल्यापासून ते दुसरीकडे कुठे असणार? इथे नाना म्हणजे कोणी एक गृहस्थ समजू नका. खान्देशातल्या दर कॉलनीत एक नाना असतातच. नोकरी संपलेली, मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, गुडघे दुखरे, आणि खाली तीन-वर दोन खोल्यांचं घर झाडायला दोघांनाही जड झालेलं. जोडीला त्यांच्या पत्नी, माई असतातच. पार्टी येणार म्हटलं की माई दोन दिवस घर आवरतात. जुन्या पेपरांची रद्दी पलंगाखाली जाते, पलंगाखालची लोणच्याची बरणी माळ्यावर जाते, कूलरला नवं गवत बसतं आणि गच्चीवर वाळत घातलेले बिबडे शेजारणीकडे तात्पुरते स्थलांतरित होतात.

रविवारी दोन गाड्यांतून अकरा माणसं उतरतात. यातला घेणारा कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. एक आजोबा असतात, पारोळ्याचे एक मामा असतात, घर घेण्याशी काडीचा संबंध नसलेली एक मावससासू असते आणि दोन पोरं थेट गच्चीवर धावतात. मामा हॉल पावलांनी मोजतात, उलट चालत येऊन पुन्हा मोजतात, आणि दोन्ही वेळा वेगळं माप आलं तरी मान सारखीच डोलावतात. मावससासू ओट्यावर हात फिरवून गॅसच्या मागची भिंत बघते. तिथे चिकटपणा सापडला नाही तर तिचा चेहरा पडतो. चहाची दुसरी फेरी होते. फाटकाशी सगळे पुन्हा जमतात आणि आजोबा निर्णय सांगितल्यासारखं म्हणतात, "घर तर बेस शे, नाना. घरमा इचारीसन सांगतस."

गाड्या वळेपर्यंत नाना हात हलवत उभे राहतात. आत येऊन माईंना म्हणतात, "आता घरात विचारायचं कोणाला? सगळं घर तर इथंच येऊन गेलं!"

बघायला येणाऱ्यांचं नीट निरीक्षण केलं तर एक गोष्ट ध्यानात येते. घराची सगळ्यात जास्त स्तुती करणारा माणूस पुन्हा कधी दिसत नाही. "वा! काय हवा आहे! वा! काय बांधकाम आहे! असं बांधकाम आता कोण करतंय?" हे ऐकून नाना फुलतात, कपाटातला मूळ नकाशा काढतात, स्लॅब पडला त्या दिवसाची हकीकत सांगतात. त्या गृहस्थांना नकाशाची गरज नसते. ते रविवार काढायला आलेले असतात. ज्याला काही द्यायचं नाही, त्याला स्तुतीत काटकसर करण्याचं कारण काय?

दुसऱ्या जातीचा माणूस नावं ठेवतो. पण नावं ठेवण्याचेही दोन प्रकार आहेत आणि घर विकू पाहणाऱ्याने शिकण्यासारखं जे काही आहे ते या दोन प्रकारांतच आहे. एक म्हणतो, "बाथरूमशेजारची भिंत ओल धरते वाटतं. नळ बदलावा लागेल. मागच्या खिडकीच्या ग्रिलला गंज आहे." दुसरा म्हणतो, "दरवाजा दक्षिणेला आहे. जिना उजवीकडून चढायला हवा होता. समोर टी पडतो." पहिल्याने जे सांगितलं ते प्लंबर, गवंडी आणि वेल्डर मिळून चार दिवसांत दुरुस्त करतील. तो मनात खर्चाची बेरीज मांडून बसला आहे, म्हणजे घरात राहायला जाण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. दुसऱ्याने सांगितलेलं ब्रह्मदेवालाही दुरुस्त करता येणार नाही. आणि म्हणूनच त्याने ते सांगितलं आहे.

याचं कारण आपला स्वभाव. ज्याच्या घरी बसून चहा प्यायला, त्याच्या तोंडावर "तुमचा भाव जास्त आहे" असं म्हणणं खान्देशी माणसाला जड जातं. शेतात बांधावरून डोकी फोडील, पण चहाच्या कपाची लाज राखील. मग नकार द्यायचा कसा? दिशा कामी येते. दक्षिणेवर कोणी रागावू शकत नाही. तिच्यापुढे नानांचाही वाद चालत नाही.

वास्तुशास्त्राचे जाणकार आता मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन येतात. ते उंबऱ्यावर धरतात. उंबऱ्याशेजारी लोखंडी जाळीचा दरवाजा असतो. त्यामुळे काटा थरथरतो आणि दक्षिणेच्या जवळपास कुठेतरी दमून बसतो. दुसऱ्या रविवारी दुसरे जाणकार येतात, ते दोन पावलं मागे उभे राहतात, आणि तेच घर आग्नेयमुखी निघतं. पुन्हा साधा हिशेब असा, की रस्त्याच्या एका बाजूच्या घरांची तोंडं पूर्वेला असतील, तर समोरच्यांची पश्चिमेला असणारच. तरुणपणी खान्देशात पांझरा नदीवर सायफनचं काम करून गेलेल्या विश्वेश्वरय्यांना सांगितलं असतं, तरी दोन्ही बाजूंनी पूर्वमुखी असलेली गल्ली त्यांना आखता आली नसती. तरीही पश्चिमेची आणि दक्षिणेची घरं विकली जातातच. भाव पटला की तेच जाणकार म्हणतात, "दक्षिण आहे, पण दोष सौम्य आहे. उंबऱ्यावर तांब्याची पट्टी ठोका, चालतं." दरवाजा होता तिथेच असतो. सरकलेला असतो तो आकडा.

नानांना हे कोणी सांगत नाही. पार्टीने जिन्याला नाव ठेवलं म्हणून ते जिनाच बदलतात. फरशी जुनी म्हणाले, तर हॉलमध्ये चकचकीत टाइल्स येतात, त्यांच्यावरून माई एकदा घसरतात. पीओपीचं छत होतं, त्यात आठ दिवे लागतात. झालेला सगळा खर्च नाना वहीत लिहितात आणि घराच्या किमतीत मिळवतात. म्हणजे भाव जास्त म्हणून पार्टीने जिन्याला नाव ठेवलं, जिना बदलला म्हणून भाव आणखी वाढला, आणि पुढच्या पार्टीला आता छताला नाव ठेवावं लागतं. या वेगाने घर वर्षभरात नवंकोरं होतं. विकलं मात्र जात नाही.

मग हा भाव ठरतो कसा? त्याची रीत ठरलेली आहे. मागच्या गल्लीतलं घर अमुकला गेलं अशी एक बातमी असते. ती बातमी विकणाऱ्याने सांगितलेली असते, आणि त्याने ती आपल्या व्याह्याला कमीपणा वाटू नये म्हणून थोडी चढवून सांगितलेली असते. तो झाला पाया. त्यावर मग शहराचं भवितव्य चढतं.

धुळ्याच्या घरात भवितव्य रेल्वेने येतं. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे १९०० साली आली आणि धुळ्यालाच थांबली, पुढे गेलीच नाही. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची मागणी धुळेकरांच्या दोन पिढ्यांनी केली, पण घरांच्या भावात ती गाडी केव्हाच धावू लागली होती. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला खरोखरच मंजुरी दिली, तेव्हा घर विकणाऱ्यांची पंचाईत झाली. जी गोष्ट वीस वर्षं भावात धरली होती, ती आता पुन्हा धरायची कशी? पण धुळेकर हुशार. पूर्वी 'रेल्वे येणार' याचे पैसे होते, आता 'रेल्वे मंजूर' याचे आहेत, आणि गाडी सुरू झाल्यावरचे वेगळे. शिवाय मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यांचा उल्लेख प्रत्येक गल्लीतल्या प्रत्येक घराच्या वर्णनात येतो. वास्तविक घर महामार्गापासून जितकं लांब तितकी झोप चांगली लागते.

जळगावचं भवितव्य विमानाने येतं. उडान योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून मुंबईला विमान उडालं. पुढे बंद पडलं. मग दुसऱ्या कंपनीचं सुरू झालं, तेही थांबलं, मग पुन्हा नवं आलं. विमान सुरू असतं तेव्हा नाना म्हणतात, "आता काय, विमान सुरू झालंय." बंद असतं तेव्हा म्हणतात, "विमानतळ तर आहे ना! आज ना उद्या सुरू होणारच." स्वतः नाना पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच जातात आणि मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतात. घर घेणारी पार्टीही तिनेच जाते. विमानात बसतो तो फक्त भाव.

आणि हे सगळं कुठे चालतं? जळगावात! ज्या गावाच्या सराफ बाजारात सोनं घ्यायला लोक जिल्ह्या-जिल्ह्यांतून येतात, त्या गावात. या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की जुना दागिना मोडायला नेला की घडणावळ गेली. सराफ वजन करतो, घट धरतो, फळ्यावरचा आजचा भाव लावतो. "ही पाटली माझ्या आजीची आहे, आजीने ती घालून कानबाईचे रोट केले होते, तेव्हा ग्रॅममागे पाचशे जास्त द्या" असं पेढीवर कोणी म्हणत नाही. म्हटलं तर सराफ पाणी देईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. पण घर मोडीत काढताना त्याच माणसाला घडणावळ हवी असते. अंगणातला कडुनिंब वडिलांनी लावला, त्याचे वेगळे. देवघराचा संगमरवर मकराण्याचा, त्याचे वेगळे. या घरात दोन मुलांची लग्नं झाली आणि मुलगा इंजिनिअर झाला, म्हणजे वास्तू लाभाची, त्याचे तर सगळ्यात जास्त. घेणाऱ्याला वाटतं, कडुनिंबाचा पाला रोज आपणच झाडायचा आहे. आणि मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, हा लाभ घराचा की ट्रॅव्हल्सवाल्याचा?

हा आजार खान्देशापुरता नाही. कानेमन, नेच आणि थेलर या तिघा अभ्यासकांनी १९९० साली एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले, अर्ध्यांना दिले नाहीत, आणि बाजार मांडला. ज्यांच्या हाती मग आला होता ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! कानेमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या नानांनी तीस वर्षं एका घराला दर दिवाळीत रंग दिला, ते दुपटीवर थांबतात हाच त्यांचा मोठेपणा.

घेणाऱ्याकडची बाजूही बघू. नाना घर विकताहेत कारण मुलगा पुण्यात आहे. पण ज्याने घ्यायचं त्याचाही मुलगा पुण्यातच असतो. बाप हॉलमध्ये उभा राहून मोबाइल फिरवतो, "हे बघ किचन, हे बघ गच्ची," आणि पलीकडून मीटिंगमधला मुलगा कानातलं न काढता म्हणतो, "बाबा, तिथे घेऊन राहणार कोण?" ज्यांना जळगाव-धुळ्यातच राहायचं आहे, त्यांना हायवेच्या बाजूला नव्या एन.ए. लेआउटमध्ये ओपन प्लॉट घेऊन आपल्या हाताने बांधायचं असतं. बांधून झालं की तेही तीस वर्षांनी नाना होतात.

उरलेल्यांना बँकेचं कर्ज लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के मिळतात. पण घराची किंमत म्हणजे नानांच्या वहीतली नव्हे. बँकेचा मूल्यांकनकार येतो. त्याला कडुनिंब दिसत नाही, मकराणा दिसत नाही, त्याला दिसतं की वरच्या दोन खोल्या मंजूर नकाशात नाहीत. तो त्या खोल्या वगळतो. ज्या खोलीत नानांचा मुलगा इंजिनिअर झाला, ती खोली कागदावर अस्तित्वातच नसते. वरचा फरक रोखीने द्यावा, असं हळू आवाजात कोणीतरी सुचवतं. १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला बंदी आहे. नाना आयुष्यभर हेडमास्तर होते, ते नको म्हणतात, आणि बैठक मोडते.

बैठक हा एक वेगळाच सोहळा आहे. दलाल दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवतो आणि स्वतः मध्ये बसतो. त्याच्यामागे आणखी दोन दलाल असतात, कारण पार्टी एकाची, घर दुसऱ्याच्या यादीतलं आणि ओळख तिसऱ्याने करून दिलेली. कमिशनची वाटणी त्यांनी गाडीतच उरकलेली असते. राहतो तो सौदा.

"नाना, तुमचं फायनल सांगा."

"तुम्ही बोला ना, काय द्याल?"

"आम्ही काय बोलणार? घर तुमचं."

"पण घ्यायचं तुम्हाला."

दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, की पहिला आकडा बोलला तो फसला. त्यामुळे बोलणं केळीच्या भावावर जातं, तिथून पावसावर, तिथून कोणाच्या तरी अँजिओप्लास्टीवर. शेवटी पार्टी म्हणते, "कापूस विकू द्या, मग बसू." आता कापसाचं असं आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा मिळेल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. खोल्याच्या खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली, आणि भाव खाली येत गेला. म्हणजे बैठकीत एका बाजूला गेल्या वर्षीच्या भावाची वाट बघत कापूस धरून बसलेला माणूस, आणि दुसऱ्या बाजूला पलीकडच्या गल्लीतल्या भावाची वाट बघत घर धरून बसलेला माणूस. दोघांना एकमेकांचं दुःख कळायला हवं. पण दोघंही मनात म्हणत असतात, "या माणसाला बाजार कळत नाही."

घरात भाडेकरू असला तर बैठकीपर्यंतही गाडी जात नाही. घर विकलं गेलं की आपल्याला सामान बांधावं लागणार, हे भाडेकरूला नानांच्या आधी कळलेलं असतं. तो पार्टीला अगदी आदराने दार उघडतो, खुर्ची देतो, आणि विचारलेलं नसताना सांगतो, "आम्हाला इथं काही त्रास नाही हं. पावसाळ्यात तेवढं इथे घमेलं ठेवावं लागतं." घमेलंही त्याने दर्शनी ठेवलेलं असतं, भर मे महिन्यात. पाण्याचा विषयही तोच काढतो. पाणी रोज येतं का, असं जळगावात किंवा धुळ्यात शहाणा माणूस विचारत नाही. किती दिवसांनी येतं, एवढंच विचारतो. भाडेकरू मनातल्या आकड्यात दोन मिळवून उत्तर देतो.

बरं, समजा भाव पटला, भाडेकरूही बदली होऊन गेला. मग कागद. पार्टीचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, "बहिणींच्या सह्या आहेत ना?" नाना गोरेमोरे होतात. घर वडिलांच्या वेळचं, वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही. अशा घरात मुलींचा वाटा मुलांइतकाच असतो. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना दिला, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्याच मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. नानांना हे ठाऊक असतं. बहिणींनाही ठाऊक असतं. फक्त दोघंही बोललेले नसतात. मग आखाजीचा मुहूर्त गाठला जातो. त्या वर्षी आखाजीला बहिणींना आग्रहाचं बोलावणं जातं, झोका बांधला जातो, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो. ताईंच्या लक्षात येतं, की दादा इतका गोड कधीच बोलला नव्हता. जेवणं झाल्यावर हक्कसोड पत्राचा कागद सरकवला जातो. ताई चष्मा लावून म्हणतात, "सही करते की. पण देताय कितीला?" नाना आकडा सांगतात. "इतक्या स्वस्तात? बाबांचं घर?" आणि ताई जो आकडा सांगतात, तो नानांच्या आकड्याहून मोठा असतो. त्यांचा कडुनिंब वेगळा असतो ना!

हेही जमलं तर पंचांग आड येतं. आषाढात नको, पितृपक्षात नको, पौषात नको, अमावास्येला नकोच नको, आणि अधिक मास आला तर अख्खा महिना गेला. जूनमध्ये पेरणी, दिवाळीला वेचणी, उन्हाळ्यात लग्नं. घेणाऱ्यासाठी साडेतीन मुहूर्त असतात आणि त्या दिवशी तो सोनं घेतो. उन्हाची तर वेगळीच गंमत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास हिंडतो, तेव्हा घर दाखवायची वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता जो घर बघायला येईल आणि वरच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावील, त्याला जाऊ देऊ नका. त्याला खरंच घर हवं आहे.

सगळे उपाय थकले की देव. अमेरिकेत घर विकलं जात नसेल तर संत जोसेफची छोटी मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरतात. त्यासाठी मूर्तीचे तयार संच बाजारात मिळतात. आपल्याकडे देवाला उलटं पुरण्याची सोय नाही, म्हणून नवस बोलतात. धुळ्यात पांझरेकाठच्या एकवीरेला, यावलजवळच्या मनुदेवीला, एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला. अडचण अशी, की विकणाराही तिथेच जातो आणि घेणाराही. एक म्हणतो, "देवा, भाव वाढू दे." दुसरा म्हणतो, "देवा, भाव पडू दे." देव दोघांचा नारळ घेतो आणि व्यवहारात पडत नाही.

मग घर विकतं कोण? विकते बँक. हप्ते थकलेल्या घरांचा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेऊन बँका ती लिलावात काढतात, त्यांच्या जाहिराती पेपरात पानभर असतात. त्या एकदा वाचून पाहा. क्षेत्रफळ, चतुःसीमा, राखीव किंमत. हवा खेळती आहे, वास्तू लाभाची आहे, असलं अवाक्षर नाही. बोली आली नाही तर पुढच्या लिलावात राखीव किंमत खाली आणता येते. बँकेला कडुनिंब आठवत नाही, मागच्या गल्लीतल्या घराने तिचं काळीज जळत नाही आणि तिला ताई नसते. बँकेइतकं कोरडं व्हावं असं कोणी म्हणणार नाही. पण तिच्या जाहिरातीचा मसुदा नानांनी एकदा आपल्या घरासाठी लिहून बघावा.

तेव्हा ज्यांचं घर विकायचं राहिलं आहे त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आधी कागद करा, मग रंग काढा. बहिणींच्या सह्या, सिटी सर्व्हेचा उतारा, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती ही फाइल चकचकीत टाइल्सपेक्षा लवकर घर विकते. भाव ठरवताना आपल्या भागात अलीकडे खरंच झालेल्या खरेदीखतांचे आकडे बघा, लग्नाच्या पंगतीत ऐकलेले नकोत. स्टॅम्प ड्यूटीचे सहा टक्के घेणाऱ्याच्या खिशातून जायचे आहेत, हे ध्यानात ठेवा. बाईच्या नावावर घर घेतलं तर त्यातला एक टक्का वाचतो, हेही त्याला तुम्हीच सांगा, तेवढ्याने बैठक हसती-खेळती होते. पार्टी आली की घर दाखवायला शेजारच्या पोराला पाठवा आणि स्वतः मेहरुण तलावावर चक्कर मारून या. तुम्ही घरात असलात की लोक घराऐवजी तुमची समजूत काढत बसतात. आणि ओल दाखवणाऱ्याला दुसरा चहा द्या, दक्षिण दाखवणाऱ्याला पहिलाच पुरे.

घर बघायला माणसंच येत नसतील, तर घर लोकांना ठाऊक नाही. माणसं येऊन आकडा बोलत असतील, तर व्यवहार जवळ आहे, थोडं इकडेतिकडे करा. पण माणसं वर्षानुवर्षं येत राहिली, सगळ्यांनी घर बेस शे म्हटलं आणि आकडा मात्र एकानेही उच्चारला नाही, तर दोष दरवाजात नाही, जिन्यात नाही, दिशेतही नाही. तो तुम्ही मागितलेल्या किमतीत आहे, आणि तो काढायला गवंडी लागत नाही.